खालून पहिली

गच्चीवर मिरच्या वाळत पडल्या की मला एका मीटिंग रूममधली थंडी आठवते. खरं तर या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण लालबागमध्ये मसाल्याचे दिवस आणि ऑफिसांमध्ये अप्रेझलचे दिवस एकदमच येतात. मार्च सरत आलेला असतो. गल्लीत बेडगी आणि संकेश्वरीची पोती उघडलेली असतात, मसाला कुटायची यंत्रं, म्हणजे डंख, सकाळपासून धडधडत असतात आणि त्या वाटेनं जाणारा माणूस, तो कितीही मोठा साहेब असो, रुमालात नाक खुपसून शिंकत जातो. मी लग्न होऊन या भागात आले तेव्हा मला ते असह्य व्हायचं. आता तो वास आला नाही तर उन्हाळा आल्यासारखं वाटत नाही.

त्या वर्षांमध्ये मी अशीच शिंकत घरातून निघायचे, परळच्या पुलावरून चालत ऑफिस गाठायचे आणि काचेचं दार ढकलून आत गेले की अंगावर शाल घ्यायचे. बाहेर डांबर वितळतंय आणि आत आम्ही शाली गुंडाळून बसलोय. आमची कंपनी आरोग्य विम्याच्या दाव्यांची छाननी करायची. हॉस्पिटलची बिलं, रिपोर्ट, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या यांतून काय मंजूर करायचं आणि काय नाही, ते आम्ही ठरवायचं. टॉवर एका बंद पडलेल्या गिरणीच्या जागेवर उभा होता. गिरणीची चिमणी बिल्डरनं शोभेला ठेवली होती आणि तिला संध्याकाळी निळे दिवे लावायचे. माझे सासरे त्याच आवारात साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, उभे राहिले होते. ते दिवे त्यांनी एकदा पाहिले आणि पुन्हा त्या रस्त्यानं आले नाहीत.

अप्रेझल जवळ आलं की ऑफिसचा आवाज बदलतो. लोक हळू बोलतात. एरवी डब्यातल्या भाजीवरून एकमेकांची टर उडवणारे लोक साहेबाच्या साध्या विनोदावर जरा जास्त हसतात. जो तो आपल्या कॉम्प्युटरवर आपणच आपली स्तुती लिहीत बसतो, कारण सुरुवात तिथून असते: वर्षभरात आपण काय काय केलं ते आधी आपण सांगायचं. मराठी मध्यमवर्गीय घरात वाढलेल्या माणसाला याहून अवघड काही नाही. ‘मी उत्तम काम केलं’ हे वाक्य लिहून मी कितीदा खोडलं असेल.

नितीन मात्र ते छान लिहायचा. स्वतःचं आणि माझंही.

नितीन गिरगावातला. आम्ही त्या कंपनीत एकत्रच लागलो, शेजारच्या टेबलांवर. तो बोलण्यात हुशार, मी कामात. त्याचे वडील हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा त्याच्या फायली मी माझ्याबरोबर उरकल्या. माझ्या मुलीचा ताप उतरत नव्हता तेव्हा साहेबाशी बोलून त्यानंच मला घरी पाठवलं. दर गणपतीला तो आमच्याकडे यायचा आणि माझ्या सासूबाई त्याला घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढायच्या. ‘गिरगावकरा, आणखी एक घे रे,’ म्हणायच्या. तो घ्यायचा. पुढे तो आमच्या टीमचा मॅनेजर झाला तेव्हा पेढे मी आणले होते. लोकांना वाटलं मला वाईट वाटलं असेल. मला खरंच वाटलं नव्हतं. आपलं माणूस वर गेलं, एवढंच वाटलं होतं.

त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला दुपारी तो माझ्या टेबलापाशी आला.

“माधवी, चल, खाली जाऊन येऊ.”

खाली चिमणीच्या मागच्या बाजूला एक कैरीवाला उभा असायचा. तिखटमीठ लावलेल्या फोडी घेऊन आम्ही भिंतीच्या सावलीत थांबलो. नितीननं एक फोड तोंडात टाकली, पण तो चावत नव्हता.

“काय झालं?” मी विचारलं.

“कर्व्ह आलाय.”

कर्व्ह म्हणजे घंटेच्या आकाराची ती रेघ. प्रत्येक टीममध्ये थोडे लोक उत्तम, बरेचसे मधले आणि कोणीतरी एक वाईट असायलाच हवा, असं ती रेघ सांगते. टीममध्ये सगळेच चांगलं काम करत असले तरी रेघेला ते चालत नाही. सगळे मॅनेजर एका खोलीत बसतात, आपापल्या माणसांची नावं पुढे-मागे सरकवतात आणि रेघेचा आकार नीट आला की उठतात. आम्हाला हे सगळ्यांना माहीत होतं. पावसाळ्यात पाणी भरतं हे जसं माहीत असतं, तसं.

“कोण जातंय खाली?” मी विचारलं.

“अक्षता.”

अक्षता आमच्यातली सगळ्यात नवी. बाळंतपणाच्या रजेवर होती, लवकरच परत यायची होती.

“ती तर इथे नव्हतीच,” मी म्हटलं.

“तेच ना. काम दिसत नाही, मग तीच सापडते. मी खूप भांडलो. पण कोणाला तरी ठेवावं लागेल.” मग चिमणीकडे बघत म्हणाला, “तू ॲडजस्ट करशील का, या वर्षापुरतं? तुझं काम सगळ्यांना माहितीये. तुला एका वर्षानं काही फरक पडत नाही. ती पोरगी बाळ घरी ठेवून येणार आणि आल्या आल्या हातात हे मिळणार. मोडेल ती. पुढच्या वर्षी मी तुला वर घेतो. माझा शब्द.”

मला माझं बाळंतपण आठवलं. परत आल्यावर कोणी तोंडावर काही बोललं नव्हतं, पण माझं टेबल दुसऱ्याला दिलेलं होतं आणि मी पहिला दिवस प्रिंटरशेजारच्या स्टुलावर काढला होता. मी फार विचार केला नाही.

“ठीक आहे रे,” मी म्हटलं.

“तू समजून घेतेस,” तो म्हणाला. आणि मग त्यानं ती कैरी चावली.

नंतर एका बंद खोलीत माझं अप्रेझल झालं. तिथे आम्ही दोघंच होतो. त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. ‘पुढाकार कमी पडतो. जबाबदारी स्वतःहून घेत नाही.’ असं माझ्याबद्दल इंग्रजीत लिहिलेलं होतं. मी वाचलं आणि मला हसू आलं.

“हे कोण आहे बाबा?”

“काहीतरी लिहायला लागतं ना,” तोही हसला. “बरं जमलंय की नाही?”

आम्ही दोघं हसलो. ते हसू मला सगळ्यात जास्त छळतं. खोटं आपल्या समोर लिहिलं जात होतं आणि ते आपल्या बाजूचं आहे असं मला वाटत होतं.

अक्षता परत आली. मी तिला काही बोलले नाही. सांगितलं असतं तर उपकार झाला असता. ती फोनवर बाळाचे फोटो दाखवायची, बाळ पालथं पडलं, बसायला लागलं, आणि मला आतून फार बरं वाटायचं. घरी मात्र मी सगळं सांगितलं होतं. माझे पती शिवडीला गोदामाच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात आहेत. ते म्हणाले, “लिहून घेतलंस का त्याच्याकडून?” मी म्हटलं, “नितीन आहे तो.” सासूबाई मिरच्यांचे देठ खुडत होत्या. त्या म्हणाल्या, “बाळंतिणीसाठी केलंस ना? बरां केलंस.”

वर्ष गेलं. मी नेहमीसारखं काम केलं, जरा जास्तच केलं. नितीनला माझ्यासाठी भांडायचंय, त्याच्या हातात काहीतरी असावं, असं मनात होतं. दिवाळीनंतर कंपनीची दोन ऑफिसं एकत्र होणार अशी कुजबुज सुरू झाली. नितीनचं माझ्याबरोबर खाली येणं कमी झालं. डबाही तो केबिनमध्येच खायला लागला. मी म्हटलं, कामाचा ताण असेल.

आणि मग पुन्हा मिरच्या आल्या. ज्या दिवशी मला बोलावलं त्या सकाळी सासूबाईंनी गच्चीवर पहिली खेप वाळत घातली होती आणि माझ्या बोटांना तिखट लागलेलं होतं. मीटिंग रूममध्ये एचआरच्या एक बाई होत्या, मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं. नितीन त्यांच्या शेजारी बसला होता. टेबलाच्या पलीकडे. मी इकडे एकटी. एसी इतका गार होता की त्या बाईंनीही स्वेटर घातला होता.

त्या फार मृदू बोलत होत्या. दोन ऑफिसं एक होतायत, जागा कमी आहेत, निर्णय पूर्णपणे कामगिरीवर घेतलाय, व्यक्तिगत काहीही नाही. “गेल्या वर्षी मॅडम, तुमचं रेटिंग टीममध्ये सर्वात खालचं होतं,” असं म्हणून त्यांनी मान थोडी वाकडी केली, जसे डॉक्टर करतात.

मला क्षणभर हायसं वाटलं. म्हटलं, अरे, एवढंच आहे होय? हा गैरसमज आहे. हा आत्ता दूर होईल. मी नितीनकडे पाहिलं.

तो समोरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होता.

“नितीन,” मी म्हटलं, “सांग ना त्यांना.”

“काय सांगू?”

त्यानं हे इतक्या साध्या आवाजात विचारलं की मीच गडबडले. त्या बाई एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या.

“ते रेटिंग कसं दिलं ते.”

नितीननं घसा साफ केला. मग तो माझ्याशी इंग्रजीत बोलला. इतक्या वर्षांत आमच्या दोघांत इंग्रजी कधी आलं नव्हतं. तो म्हणाला की माधवी, मी गेल्या वर्षीच तुला स्पष्ट फीडबॅक दिला होता, पुढाकाराबद्दल आपण बोललो होतो, तू तो समजून घेतला होतास.

त्या खोलीत मी काय म्हणायला हवं होतं ते मला नंतर अनेकदा सुचलं. भांडी घासताना सुचलं, भाजी निवडताना सुचलं. तिथे मात्र मी एवढंच म्हटलं, “बरं.” बोटांचं तिखट कधीतरी डोळ्याला लागलं होतं आणि डोळा चुरचुरत होता. त्या बाईंनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. त्यांना वाटलं मी रडतेय. मी नव्हते रडत.

घरी आले तर सासूबाई दारातच बसल्या होत्या. “काय झालां गो? तोंड कित्याक उतारलां?” मी सांगितलं. त्यांनी मिरच्यांचे देठ खुडायचं थांबवलं. मग म्हणाल्या, “तो आपला गिरगावकर?” मी मान हलवली. “घरात येऊन जेवलेलो माणूस,” एवढं म्हणून त्या पुन्हा देठ खुडायला लागल्या. मीही त्यांच्यासमोर बसले. आमच्या घरात त्या दिवसांमध्ये डोळ्यांतून पाणी येण्याचं कारण कोणी विचारत नाही.

इथपर्यंत मी त्याला सांभाळून घेत होते, हे मला आता कळतं. माणूस घाबरला असेल, असं मी म्हणत होते. त्याची स्वतःची खुर्ची जात असेल. दोन मुलं आहेत, घराचा हप्ता आहे. शब्द दिला तेव्हा खरा होता, पाळता आला नाही. असं कोणाचंही होतं.

मग अक्षता आली. माझी नोकरी जाऊन थोडे दिवस झाले होते. ती चिंचपोकळीला माहेरी आली होती आणि मसाला घ्यायच्या निमित्तानं बाळाला कडेवर घेऊन थेट आमच्याकडे आली. बाळ शिंकत होतं आणि प्रत्येक शिंकेनंतर आश्चर्यानं आमच्याकडे बघत होतं. सासूबाईंनी त्याला मांडीवर घेतलं.

“माधवीताई, मला विश्वासच बसत नाही,” अक्षता म्हणाली. “तुम्हाला कसं काय काढलं? मला काम तुम्ही शिकवलंत.”

मी काहीतरी टाळून बोलले. पण सासूबाईंना राहवलं नाही. बाळाचे पाय चोळत त्या म्हणाल्या, “तुझ्यासाठीच तर गेली ती खाली. तुझी नोकरी राहावी म्हणून.”

“माझ्यासाठी?”

मग सांगावंच लागलं. कैरीवाला, चिमणीची सावली, सगळं. अक्षता ऐकत होती आणि तिचा चेहरा लाजेनं उतरेल म्हणून मी शब्द जपून वापरत होते. पण तिचा चेहरा उतरला नाही. ती गोंधळली.

“पण ताई, मला त्या वर्षी रेटिंग नव्हतंच.”

“म्हणजे?”

“मॅटर्निटीवर असलेल्यांना कर्व्हमध्ये धरत नाहीत ना. मागच्या वर्षीचंच पुढे चालू ठेवतात. रजेवर जायच्या आधीच मला एचआरनं सांगितलं होतं. नितीनसर होते की तेव्हा समोर.”

खालून डंखांचा आवाज येत होता. सासूबाईंचा हात बाळाच्या पायावर थांबला. अक्षतानं एकदम तोंडावर हात ठेवला, जणू तिनंच काही चूक केली होती. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि चहा टाकला. साखर घातली की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा घातली. तो चहा कोणालाच पिता आला नाही.

संध्याकाळी यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “फोन लाव त्याला. आत्ता लाव.” मी लावला नाही. मला काय विचारायचं होतं तेच कळत नव्हतं. नोकरी गेल्याचं दुःख मला उचलता येत होतं. पण ज्या गोष्टीचा मी वर्षभर मनात अभिमान बाळगला, जी घराबाहेर कोणाला सांगितली नाही, ती घडलीच नव्हती. मी कोणालाही वाचवलं नव्हतं. बाळाचे ते फोटो बघताना जे बरं वाटायचं, तेही मग खोटं ठरलं. पगार कंपनीनं थांबवला. हे मात्र नितीननं नेलं.

मधे काही वर्षं गेली. मला दादरला एका लहान ऑफिसात काम मिळालं, तसलंच, हॉस्पिटलच्या बिलांचं. नितीन मला दिसला तो गेल्या वर्षी, पाडव्याच्या आदल्या दिवशी. गिरगावात माझ्या मावशीकडे गेले होते. खाली उतरले तर तो साखरेच्या गाठ्या घेत उभा. केस पांढरे झाले होते. मला बघून तो मनापासून हसला. मला सगळ्यात जास्त त्याचंच नवल वाटलं. त्यानं मान वळवली नाही, रस्ता ओलांडला नाही.

“माधवी! कशी आहेस? आई कशा आहेत?”

“बऱ्या आहेत.”

“ऐकलं मी, दादरला आहेस. बरं झालं बघ. आमच्याकडे काही राहिलं नाही आता.”

मी त्याला थांबवलं. “नितीन, अक्षताला रेटिंग नव्हतंच त्या वर्षी.”

त्यानं गाठ्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. नाकारलं नाही.

“मग तिचं नाव का घेतलंस?”

तो खरंच विचार करत होता. बऱ्याच वर्षांपूर्वी केलेल्या हिशेबाचं उत्तर आठवावं तसा.

“नुसतं मागितलं असतं तर तू कारण विचारलं असतंस.”

“खाली खरं कोण जाणार होतं?”

“असं कोणी ठरलं नव्हतं गं. एक नाव द्यायचं होतं. दुसऱ्या कोणाचं दिलं असतं तर भांडणं झाली असती, वर्षभर तोंड फुगवून बसले असते. तू समजून घेतेस.” आणि मग तो थोडा ओशाळून, पण प्रेमानंच म्हणाला, “तुझ्याइतका विश्वास माझ्यावर टीममध्ये कोणाचा नव्हता.”

तो मला चांगलं म्हणत होता. मला त्याच्या चेहऱ्यावर लबाडी शोधूनही सापडली नाही. मी चांगलं काम केलं म्हणून नाही, वाईट केलं म्हणूनही नाही, तर मी त्याच्यावर विश्वास ठेवायचे म्हणून त्या रेघेच्या तळाला मला ठेवलं होतं. रस्त्यावर लहान मुली नऊवारी नेसून दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीची तालीम करत होत्या, ढोलवाले थांबून पुन्हा सुरू होत होते. “चल, येतो,” तो म्हणाला. “आईंना नमस्कार सांग.” मी तो सांगितला नाही.

यंदा पुन्हा मिरच्या पडल्यात. सासूबाईंना आता गच्चीवर चढवत नाही, त्या खालून सूचना देतात. आणि दादरच्या आमच्या त्या लहान ऑफिसातही, कोणीतरी कुठून तरी शिकून आल्यासारखी, ती रेघ आली. माझ्या हाताखाली चौघं आहेत. चौघांतला एक खाली दाखवा, असं मालकांनी सांगितलं. मी नको म्हटलं. कारणं दिली. ते म्हणाले, मॅडम, सगळीकडे असंच असतं.

मी गेल्या सोमवारी सुधीरना बोलावलं. ते माझ्याच वयाचे, वरळी कोळीवाड्यातले, बोलायला सडेतोड. चौघांत सगळ्यात जास्त भांडणारेही तेच.

“सुधीर, एकाला खाली दाखवायचं असं वरून आलंय,” मी म्हटलं. “मी विरोध केला, चालला नाही. त्यानंतर नाव मी निवडलं. तुमचं.”

“मीच का?”

“तुमच्या फायली बाकीच्या तिघांपेक्षा जास्त परत येतात. थोड्याच जास्त. पण येतात.”

“म्हणजे माझं काम वाईट आहे?”

“नाही.”

“तरी खाली.”

“तरी.”

त्यांचा चेहरा लाल झाला. ते खुर्ची मागे सारून उभे राहिले. “पुढच्या वर्षी वर घ्याल?”

या एका वाक्याला हो म्हणणं किती सोपं असतं ते मला तेव्हा कळलं. हो माझ्या अगदी ओठावर आलं होतं. ते म्हटलं असतं तर त्यांचा राग तिथेच निवला असता, आम्ही दोघं खाली जाऊन चहाही प्यायलो असतो.

“पुढच्या वर्षीचं मी काही सांगू शकत नाही,” मी म्हटलं.

“मग मी तक्रार करणार. मालकांकडे. तुमच्याविरुद्ध.”

“करा.”

त्यांनी केली. मला उद्या बोलावलंय. सुधीर माझ्याशी बोलत नाहीत. सकाळी मी गुड मॉर्निंग म्हटलं की ते स्क्रीनकडे बघतात, आणि दुपारी डबा घेऊन दुसऱ्या मजल्यावर जातात. बाकीचे तिघं अवघडून बसतात. मला वाईट वाटतं. मी काही फार मोठं केलेलं नाही, एका चांगल्या माणसाला खाली ढकललंय आणि तसं त्याला सांगितलंय. पण सुधीर वर्षभर कोणाचे फोटो बघून मनात सुखावणार नाहीत. आपण कोणावर चिडायचं ते त्यांना आजच माहीत आहे.